सातवा रकाना

(सौदी अरेबियातलं दम्माम, जून २००६. एका खासगी हॉस्पिटलचं ऑफिस. उमाकांत तिथे सगळ्यांच्या इकाम्याचे, म्हणजे राहण्याच्या परवान्याचे, कागद बघतो. स्वप्ना तिथल्याच लॅबमध्ये आहे. मिर्को तिचा नवरा, निधी मुलगी.)

स्वप्ना : म्हणजे मिर्कोला देशाबाहेर पाठवलं, तर निधीलाही जावं लागेल?

उमाकांत : लागणारच. तिचं नाव बापाच्या इकाम्यावर, बापाच्याच पासपोर्टात. बाप खलास की पोर खलास.

स्वप्ना : असं बोलू नका हो दादा.

उमाकांत : कागद म्हणतोय मी, ताई. त्यांचा कफील, कंपनीचा मालक, काय म्हणाला?

स्वप्ना : नवा पासपोर्ट आण, मग इकामा वाढवतो. रास तनुराच्या रिफायनरीत दहा वर्षं वेल्डिंग तपासतोय मिर्को. पासपोर्टवर युगोस्लाव्हिया लिहिलंय. ते नाव तीन वर्षांपूर्वी गेलं. मग सर्बिया-माँटेनिग्रो झालं, ते अकरा दिवसांपूर्वी फुटलं. आता नुसतं माँटेनिग्रो. त्याचे पासपोर्ट अजून छापलेलेच नाहीत.

उमाकांत : केवढा आहे हा देश?

स्वप्ना : सव्वासहा लाख माणसं.

उमाकांत : आपलं ठाणं दुप्पट भरेल. चिपळूणला पोरं नव्हती का हो?

स्वप्ना : होती. लग्न करताना देशाची एक्सपायरी बघायची असते, हे सुचलं नाही.

उमाकांत : आणि मिस्टर तुमचे खूश होते म्हणे.

स्वप्ना : नाचला. वेगळा देश व्हायला पंचावन्न टक्के मतं हवी होती, साडेपंचावन्न पडली. मीच त्याला आकडे वाचून दाखवत होते. काल माझ्या हातून लॅबमध्ये सँपल सांडलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

उमाकांत : इकामा कधी संपतो?

स्वप्ना : पंचवीसला. मग त्या पासपोर्टवर निघायचं, आणि मधल्या विमानतळावर कोणी अडवलं तर? दोघं बसून राहतील कुठेतरी. मला तर इथून रजाही मिळणार नाही.

उमाकांत : म्हणून तर परवा तुम्हाला आपल्या वकिलातीचा फॉर्म दिला. पोरीची भारतीय म्हणून नोंद झाली, की निदान तुमच्या आईकडे चिपळूणला ठेवता येईल. भरलात का?

स्वप्ना : अजून नाही.

उमाकांत : अहो, जन्मापासून वर्षाच्या आत द्यायचाय तो. वर्ष उलटलं की दिल्लीची परवानगी लागते. वाढदिवस कधी?

स्वप्ना : रविवारी.

उमाकांत : आज बुधवार. उद्या-परवा सुट्टी. फकरुद्दीन तासाभरात हॉस्पिटलची गाडी घेऊन रियाधला निघतोय, शनिवारी सकाळी देईल वकिलातीत. भरा, यल्ला, चला लवकर.

स्वप्ना : सातव्या रकान्यात अडलेय. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट आहे का?

उमाकांत : नाही लिहा.

स्वप्ना : पण मिर्कोच्या पासपोर्टात तिचं नाव आहे.

उमाकांत : नसलेल्या देशाच्या.

स्वप्ना : पासपोर्टची मुदत २००८पर्यंत आहे. म्हणून मी सकाळी वकिलातीत फोन करून विचारलं, अशा वेळी काय लिहायचं.

उमाकांत : नाव सांगितलंत?

स्वप्ना : त्यांनी विचारलं नव्हतं. मीच सांगितलं. माझं, निधीचं, पासपोर्टचा नंबर.

उमाकांत : सायन्स शिकलेल्या माणसाच्या हातात फोन देऊ नये. एकोणीस वर्षं झाली मला इथे, ताई. फॉर्म भरायचा असतो. विचारायचा नसतो. काय म्हणाले?

स्वप्ना : साहेबांना विचारून सांगतो. लिहून घेतलं त्यांनी सगळं.

उमाकांत : झालं.

स्वप्ना : आता 'नाही' लिहिलं, आणि त्यांनी ते काढून बघितलं तर?

उमाकांत : तर नोंद रद्द.

स्वप्ना : आणि 'आहे' लिहिलं तर?

उमाकांत : फॉर्म फकरुद्दीनच्याच हातात परत.

स्वप्ना : मग निधी कुठली?

उमाकांत : पाणी घ्या आधी. बसा.

स्वप्ना : नको. पेन द्या. 'नाही' लिहिते. पासपोर्ट तिच्याकडे नाही, तिच्या बापाकडे आहे. विचारलं तर हेच सांगेन.

उमाकांत : आवाज कापतोय तुमचा.

स्वप्ना : अक्षरात दिसतंय का?

उमाकांत : नाही. अक्षर चांगलं आहे. खाली वडिलांची सही लागेल. रास तनुराहून ते आता तासाभरात कसे यायचे?

स्वप्ना : सही झालीय. बघा.

उमाकांत : हो की. पण फॉर्म तर तुम्ही आत्ता भरलात. कोऱ्यावर केली?

स्वप्ना : सकाळी ड्युटीवर जाताना. म्हणाला, आधी भरू नकोस. ती भारतीय असं लिहिलेलं वाचलं तर मला सही करता येणार नाही.