रुपया ढाक्याला जाऊन आला

...नाही, पण माझी चूक कुठे झाली ते तर सांगा! आपला रुपया मोठा झाला, परदेशात चालायला लागला, तर शेजारी-शेजारी देशांनी डॉलरच्या दारात उभं न राहता सरळ आपसात व्यवहार करावा, एवढंच म्हणालो ना मी?

तुम्हाला सांगतो, लंडनला पाच वर्षं हेच शिकलो आणि तासगावला येऊन आजोबांना, म्हणजे चांदसाहेब बेदाणेवाल्यांना, हेच ऐकवत होतो. ते ऐकत कुठे होते? रुमालाची घडी घालत होते. तोच रुमाल हो... लहानपणी सौद्याला मला पोत्यावर बसवायचे, रुमालाखाली व्यापाऱ्याची बोटं दाबून भाव ठरवायचे आणि मग माझीही बोटं धरायचे. दोन बोटं दाबली, की दोन मुठी बेदाणा! अजून तोच गोड वास येतो त्याला...

कुठे होतो मी? हां, रुपया मोठा झाला!

आजोबा म्हणाले, "तौसीफ, ढाक्याचं गिऱ्हाईक यायचंय. रुपयात सौदा करून दाव, तर हितं ऱ्हा. न्हाईतर जा माघारी लंडनला!" बघा, माझं अख्खं गाव पणाला!

ढाक्याचे पाहुणे आले. बेदाणा चाखला, रुमालाखाली भाव पटला. मी छाती काढून म्हणालो, डॉलर नको, रुपये द्या! तर ते हात जोडून, "दिबो, दादा, दिबो! किन्तु रुपिया पाबो कोथाय?" म्हणजे देईन, पण आणू कुठून? तुम्ही आमचं काही घ्याल, तेव्हाच तुमचा रुपया आमच्याकडे येणार ना!

आता हे लंडनला होतं हो शिकायला... शेवटच्या प्रकरणात. मी ते ऑप्शनला टाकलेलं!

आजोबांनी रुमाल झटकला. "आवं, मग तुमचं काय हाय इकाया?"

"लुंगी, दादा! एक नंबर लुंगी!"

"घेतली!"

घेतली? किती? मी तोंड उघडेपर्यंत रुमालाखाली बोटं दाबून मोकळे! आजी रहिमतबी आतून ओरडली, "आवं, बेदाण्याच्या गोदामात लुंग्या ठिवणार व्हय?"

तर तुम्हाला सांगतो, रुपया मोठा झाला! लुंगीसाठी ढाक्याला गेला, बेदाण्यासाठी तासगावला परत आला, आणि मधे उरल्या चार हजार लुंग्या. काल आजोबांनी कितीतरी वर्षांनी रुमालाखाली माझी बोटं धरली. दोन बोटं दाबली. डोळ्यांत पाणीच आलं हो माझ्या... वाटलं, बेदाणा!

"दोन हजार तुज्या वाटणीच्या. पार साताऱ्यापतूर खपव. ऱ्हा आता हितंच."

...तर बोला, चौकड्याची दाखवू, की रेघांची?