खारं पाणी न ओलांडता

दिनकर : …तसं नको लिहू. लिही, 'जबलपूरकर दांपत्याची सागरकिनारी सायकलस्वारी'. रविवारी महाराष्ट्र मंडळात मोठमोठे लोक येऊन राहिले, आर्या.

कुमुद : दांपत्य म्हटलं की स्टेजवर हार घालून बसवल्यासारखं वाटते. काका-काकू लिही, बाई.

आर्या : काकू, नाव बाद में. मला आधी स्लाइडचे फोटो फायनल करायचे आहे. काका, तीनशे चाळीस फोटो आहे तुमच्या फोनमध्ये. समंदर कुठे आहे?

दिनकर : आहे नं. नीट पहा.

आर्या : नीटच पाहून राहिली. हे फणसाचं झाड. ही बकरी. ही परत तीच बकरी. हे पुलाखाली तुम्ही पाणी पिऊन राहिले.

दिनकर : पिऊन नाही. चाखून.

कुमुद : तुझ्या काकांनी कोकणातल्या सगळ्या नद्या चाखल्या. त्यातल्या दोघींनी बदलाही घेतला. चार दिवस पोट धरून होते.

आर्या : पण चाखायचं काहून?

दिनकर : मुद्दा समजून घे. आपण नर्मदेकाठचे लोक. परकम्मा कशी करतात? माई उजव्या हाताला ठेवायची अन् ओलांडायची नाही. मी म्हटलं, समुद्राचीही तशीच करू. मुरूडहून दक्षिणेला निघालं की समुद्र आपोआप उजव्या हाताला. एकदम शास्त्रशुद्ध.

आर्या : अच्छा. पण मध्ये खाडी येते नं? तिथे फेरीबोट असते. दहा मिनिटांत पल्याड.

कुमुद : बोटीत बसलं की खारं पाणी ओलांडल्या जाते, बाई! म्हणून वळसा. खाडीच्या काठाकाठानं डोंगरात शिरायचं. पूल आला की हे खाली उतरणार, ओंजळीनं पाणी चाखणार. खारं लागलं तर तो समुद्र, चला पुढच्या पुलावर. गोडं लागलं तर नदी. मग परवानगी.

आर्या : हाय राम.

कुमुद : आगरदांड्याच्या जेट्टीवर बोटवाला हाका मारून राहिला, काका बसा, बोट सुटते. हे म्हणे, नाही, आम्ही जबलपूरचे. त्याला वाटलं असंल, जबलपूरमध्ये बोटीला बंदी आहे.

दिनकर : हसू नको. नियम म्हणजे नियम. सदतीस वर्षं मी फॅक्टरीत प्लॅनिंग पाहिलं.

कुमुद : तेच तर. दहा मिनिटांच्या जागी दोन-दोन दिवस. सोळा दिवसांतले अकरा आम्ही डोंगरात सायकल ढकलून राहिलो.

आर्या : अन् ती सायकल! काका, बाबा अजून हसतात तिच्यावर.

दिनकर : तुझ्या बाबाला काय समजते? गढ़्याच्या शालिग्राम मिस्त्रीनं दोन सायकली कापून एक केली. स्पेशल ऑर्डर. पुढं मी, मागं ही. हिचं बाजूचं दिसणं तेव्हा बंद झालं होतं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, समोरचं आहे तोवर काय ते पाहून घ्या.

कुमुद : मी म्हटलं, समुद्र पाहायचा. पाटनला जन्मली, जबलपूरला नांदली, मोठं पाणी म्हणजे नर्मदा. बसनं जाऊ म्हटलं. हे म्हणे, परकम्मा पायानं होते. निदान पायडलनं.

आर्या : मग मागे बसून काय दिसे?

कुमुद : हे दिसत. समोरचंच तेवढं दिसे, अन् समोर यांची पाठ. सोळा दिवस चौकड्याचा शर्ट पाहिला मी. कोणता धागा कुठं उसवला, आताही सांगते. मुरूडला पोहोचलो तेव्हा ओहोटी, नजर जाईल तिथवर चिखल. पुढं एकदा उजवीकडे पाणी आलं म्हणून मान वळवली, तर सायकलही तिकडेच वळली. सुकत घातलेल्या बोंबलांत पडलो दोघं. कोळीणबाईनं आधी बोंबील उचलले. मग आम्हाला.

आर्या : काकू! ये तो स्लाइड बनती है!

कुमुद : बनव. पण शेवटी पाहिला बरं. गणपतीपुळ्याला, संध्याकाळी. हे म्हणाले, पहा. निळा, असा अख्खा सळसळून राहिला. मला वाटलं होतं पाणी आडवं असंल, हे तर उभंच. मी हात जोडले. यांनी फोटो काढला आहे. तोच मोठा करून लाव. मला आता दिसत नाही, पण लोकांना तर दिसंल.

आर्या : एक मिनट… मिळाला. अच्छा, काकू, याच्यात तुम्ही…

दिनकर : तो राहू दे.

आर्या : नाही, मतलब, काकू समंदराकडे पाठ करून उभ्या आहे. समोर तर नारळपाणीवाल्याची ताडपत्री टांगली आहे. निळी.



कुमुद : परत सांग.

आर्या : सॉरी काकू. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम अशी पोज…

कुमुद : आवाज मागून येत होता. मी म्हटलं, आता कानही बिघडले. अहो, तुम्हाला माहीत होतं?

दिनकर : फोटो मीच काढला नं.

कुमुद : मग फिरवलं काहून नाही मला? खांदे धरायचे अन् फिरवायचं. एवढंच तर काम होतं.

दिनकर : तू हात जोडले. रडायला लागली. म्हणाली, पाहिला बाप्पा एकदाचा. त्याच्यावर मी काय सांगू, ताडपत्री आहे म्हणून? म्हटलं, सकाळी आणतो, गुपचूप बरोबर जागी उभी करतो. अन् सकाळी नऊ वाजता तू विचारलं, आज उजाडून नाही राहिलं काय.

आर्या : काकू, पाणी आणू?

कुमुद : बस तू.

दिनकर : ते शास्त्रबिस्त्र काही नव्हतं, कुमुद. निघायच्या आधी ग्वारीघाटावर मी माईला बोललो होतो. हिला घेऊन समुद्राकाठानं जातो, खारं पाणी कुठंच ओलांडणार नाही, हिचे डोळे राहू दे. म्हणून चाखत होतो. एकही चूक नाही केली मी. एकही नाही.

कुमुद : मला सांगितलं नाही.

दिनकर : सांगितलं असतं तर तू म्हणाली असती, नवस राहू द्या, बोटीत बसा, मला पाहू द्या.

कुमुद : हो. म्हटलं असतं.

दिनकर : मग?

कुमुद : मग काय. दुसऱ्याच दिवशी आगरदांड्याला बोटीत बसली असती. तेव्हा दिसत होतं मला. मधोमध उभी राहिली असती, जिकडे तोंड केलं तिकडे पाणी.

आर्या : काका, रविवारचं कॅन्सल करू का?

दिनकर : कर.

कुमुद : नको करू. बोंबलाचं सांगू, लोक हसतील. तू जा आता, आर्या. दार ओढून घे.

आर्या : येते, काकू.

दिनकर : कुमुद. बोल काही. रागव माझ्यावर.

कुमुद : रागवूनच राहिली. तुम्ही गप नका बसू. काहीतरी बोलत राहा. कुणीकडे तोंड करून रागवायचं, ते तरी मला कळलं पाहिजे.