काचेआडची रॅकेट

सन्माननीय अध्यक्षमहाराज, म्हणजेच माझे सासरे. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, चिटणीससाहेब, क्लबचे सर्व सभासद आणि पहिल्या रांगेतल्या माझ्या नणंदबाई,

चिटणीससाहेब आत्ताच म्हणाले, मिश्र दुहेरीचा चषक वर्षानुवर्षं आम्हा नवराबायकोकडेच राहिला. टाळ्या पडल्या. पण मंडळी, सामने बघायला तुम्हीच होतात ना? चेंडू कुठंही पडो, आमचे हे जागेवरून ओरडायचे, "तुझा!" की मी पायघोळ झगा सावरत धावत सुटायची. एकदा तर चेंडू यांच्या बुटाला लागून गेला, तरी "तुझा!" हसा, हसा. तेही हसताहेत बघा.

लग्नाआधी मी एकेरी खेळायची आणि जिंकायची. लग्न झाल्यावर क्लबचा नियम कळला, की विवाहित बाईनं नवऱ्याबरोबरच कोर्टात उतरायचं. नियम कुणी केला? मामंजी, इकडेतिकडे काय बघताय, तुम्हीच! म्हटलं, जाऊ दे, खेळायला तर मिळतंय. आम्हाला हौशी खेळाडू म्हणतात. हौस माझी, परवानगी तुमची.

गेल्या महिन्यात यांचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, खेळ बंद. वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. तो गुडघा रोज मीच शेकते. मग एके दिवशी जेवताना मामंजी म्हणाले, "सूनबाई, तुम्हा दोघांचा निरोप समारंभ ठरवलाय."

दोघांचा? अहो, माझे गुडघे ठणठणीत आहेत! पण तोंडात घास होता आणि वन्संनी डोळे वटारले, आत्ता वटारलेत तसेच.

आता ही भेट. लाकडी चौकट, वर काच, आत आमच्या दोन रॅकेटी. चौकट सुरेख झालीय. पण त्यातली उजवीकडची माझी आहे हो, आणि आठवडाभर मी ती घरभर शोधतेय! कपाटं उपसली, माळा पालथा घातला. हेही माझ्याबरोबर शोधत होते, सगळं माहीत असून. त्याचा मात्र मला राग आला. अजून आहे.

असो. पाहुण्यांचे, चिटणीससाहेबांचे, आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर घरचीच समजून पोटात घाला. मामंजी, एकेरीसाठी नावं उद्यापर्यंत घेताहेत, आणि तुमचा नियम तुम्हालाच बदलता येतो. माझं नाव मी दिलंय. आता कुणीतरी मला एक स्क्रूड्रायव्हर आणून द्या.

अहो, तुम्ही नका उठू, गुडघा दुखेल. हेही मीच करते.