नदीला खत

नोरेली : बाबा, शर्ट घाला. दोनला शाळेत सभा आहे.

एव्हेलियो : मला बरं वाटत नाही. तू जाऊन ये.

नोरेली : वीस वर्षं या नदीवर पाहुण्यांना फिरवताय. नदीचीच सभा आणि तुम्ही नाही? लोक काय म्हणतील?

एव्हेलियो : लोकांचं ठरलंय. ओतिलियाच्या डुकरांची घाण पाण्यात उतरली आणि नदीच्या तळाची लाल झुडपं मेली. आता मी जाऊन काय दिवे लावू?

नोरेली : ठरलंय म्हणूनच भीती वाटते. संध्याकाळच्या आत गाव सोड, असं सभा बोलावणारा रुबिएल ओतिलियाबाईंना सांगणार आहे. आणि आज पहाटे त्यांच्या दारात कुणीतरी पेट्रोलचा डबा ठेवून गेलं.

एव्हेलियो : रिकामा असेल.

नोरेली : भरलेला. वर काडेपेटी.

एव्हेलियो : कॉफी आहे का थोडी?

नोरेली : आहे. पण आधी ऐका. मी सकाळी काठाकाठानं वर चालत गेले. त्यांच्या डुकरांच्या कुंपणापर्यंत.

एव्हेलियो : तुला कुणी सांगितलं होतं नसत्या उचापती करायला?

नोरेली : कुंपणाच्या खालच्या अंगालाही पाणी नितळ आहे, बाबा. झुडपं लालभडक. शेवाळ सुरू होतं ते आपण नदी ओलांडतो तिथून. तिथून खाली सगळं हिरवं, बुळबुळीत. आणि तिथल्या दगडाखाली हे सापडलं.

(ती एक ओला, जड अभ्रा टेबलावर ठेवते.)

नोरेली : अभ्रा आपल्या घरचा आहे. यावरची फुलं आईनं भरलेली आहेत.

एव्हेलियो : दार लाव.

नोरेली : लावलंय. बोला.

एव्हेलियो : गेल्या वर्षी झुडपं फिकट पडली होती ना. पाहुणे नाकं मुरडून परत गेले. मला वाटलं, नदी मरतेय. शेतातल्या कसाव्याला मूठभर युरिया दिला की आठवड्यात तरारतो. म्हटलं, हिलाही देऊ. चार पोती. अभ्र्यांत भरून दाबली, हळूहळू विरघळावं म्हणून.

नोरेली : तो कसावा नाही हो. हे झुडूप उपाशीच वाढतं. नितळ पाणी आणि ऊन, बस. तुम्ही दिलेलं सगळं शेवाळाच्या घशात गेलं. ते माजलं, झुडपांवर चढलं, ऊन अडवून बसलं. पानाला ऊनच नाही, तर ते अन्न कशानं करणार?

एव्हेलियो : मी रोज बघायला जायचो. हिरवं दिसलं की वाटायचं, लागू पडलं. म्हणून पाचवंही टाकलं.

नोरेली : अरे देवा.

एव्हेलियो : पावसाचा मोठा लोंढा आला की जाईल वाहून सगळं. तोवर गप्प राहिलं तर?

नोरेली : शेवाळ जाईल वाहून. ओतिलियाबाई कुठं जातील?

एव्हेलियो : आणि सांगितलं तर तो डबा आपल्या दारात येईल. तुला पुन्हा नदीवर पाय ठेवू देणार नाहीत. तू लहान होतीस, तुला आठवत नाही. त्या काळी या शाळेतल्या सभेत ज्याचं नाव निघे, तो माणूस दुसऱ्या दिवशी दिसत नसे.

नोरेली : थांबा, कुणीतरी आलंय.

ओतिलिया : एव्हेलियोभाऊ, आहात ना घरी?

नोरेली : या, बाई. दार उघडते.

ओतिलिया : बसत नाही, बाळ. हे मांस ठेवा तुम्हाला. मांडीचं आहे. डुकरं मारली मी सकाळी. अकराच्या अकरा. एक गाभण होती. आता तरी राहू देतील मला, नाही का?

एव्हेलियो : सगळी मारलीत?

ओतिलिया : तो डबा बघितला आणि काही सुचेचना. भाऊ, सभेत मी तुमच्या शेजारी बसले तर चालेल? अख्ख्या गावात तुम्ही एकटेच माझ्याविरुद्ध एक शब्द बोलला नाहीत.

नोरेली : बाबा.

एव्हेलियो : किती वाजले?

नोरेली : दीड.

एव्हेलियो : बाईंना खुर्ची दे. गावाच्या आधी त्यांना कळलं पाहिजे.