होळीले लावलेला लसूण

हसू नका, पण माह्या हातच्या लसणाचं काय झालं ते सांगतोच. मी अकोल्यात शेती खात्याच्या हापिसात नोकरीले. मंग जठारपेठेतल्या घरी, परसात, लसूण तं लावलाच पाह्यजे ना! होळीच्या दिवशी चांगल्या चाळीस पाकळ्या लावल्या. रोज पाणी देल्लं. हिरव्या पातीचे फोटो वलगावले सासऱ्याले पाठवले आन खाली लिवलं, "मामाजी, लसूण निघाला की ठेचा खाले या."

मामाजीची सारी जिंदगी शेतीत गेली. पात पिवळी पडली तसे ते आले. म्या त्यायच्या समोरच पहिला गड्डा उपटला. सुपारीएवढा! सोलून पाह्यला तं आतमंधी एकच पाकळी. दुसरा उपटला, त्यातबी एकच. चाळीसच्या चाळीस तसेच निघाले.

मामाजी म्हणाले, "जवाईबापू, हा तुमी लावला नव्हता, मातीपाशी ठेवाले देल्ला होता. तिनं इमानदारीनं वापस केला."

"पण असं कावून झालं?"

"लसणाले थंडी लागते. तो दिवाळीच्या आसपास लावतेत. होळीले कोणी लावते काय?"

बायको मिरच्या भाजून राहिली होती, ते तिकूनच हसली. ठेचा त्याच लसणाचा झाला. पहिला घास घेऊन मामाजीनं इचारलं, "हापिसात तुमचं काम काय हाय?"

म्या ताटात पाहून सांगितलं, "कोणतं पीक कवा लावावं, त्याचा तक्ता बनवतो."

"बरं," मामाजी म्हणाले, "तेवढा वलगावले पाठवू नका."