मॅरिटचे डोळे काय म्हणतात

नाही डार्ला, त्या कागदानं नाही. कागदावर सही करायला कितीसा वेळ लागतो. माझी झोप उडालीय ती दुसऱ्याच गोष्टीनं — माझी मुलगी बरी होतेय, की बरी झाल्याचं नाटक करतेय, हेच मला कळत नाहीये. सख्खी आई असून. अकरा वर्षांची पोर, तिच्या नाकावरचा राग मला कारच्या आरशातून दिसतो, पण "डोकं दुखतंय का" विचारलं की ती "नाही" म्हणते आणि त्या "नाही"च्या मागे काय आहे ते मला दिसत नाही. तो गरम जेवणाचा, हॉटडिशचा डबा ठेव खाली, मांडीवर घेऊन बसू नकोस, चटका बसेल. आणि जरा हळू बोल. या दवाखान्यात येणाऱ्या निम्म्या मुलांना नुसत्या आवाजानं उलटी होते — चेष्टा नाही करत मी, म्हणून तर दिवे असे मंद ठेवलेत आणि काउंटरवरच्या बाईला रेडिओ लावायची बंदी आहे. मॅरिट आत आहे. अजून वीस मिनिटं तरी.

आलीस ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बारा आठवड्यांत आइस हॉकीच्या टीममधलं कुणी फिरकलं नव्हतं. पण तू म्हणतेस कोणी दबाव टाकत नाहीये — मग ती जर्सी कशाला आणलीस? सतरा मुलींच्या सह्या, मध्ये हृदय, आणि खाली, शनिवारच्या स्पर्धेसाठी, "डलुथला भेटू". हा दबाव नाही? अकरा वर्षांच्या मुलीला याहून मोठा दबाव काय टाकायचा असतो? आणि तुमचा रॉलिन, कोच म्हणून बारा वर्षं शिट्टी वाजवतोय, त्याचा मेसेज काय, तर मॅरिटला हवा तेवढा वेळ घेऊ द्या, आपल्याकडे शनिवारपर्यंत वेळ आहे. हवा तेवढा आणि शनिवारपर्यंत, एकाच वाक्यात. तू टीमची मॅनेजर आहेस, तुला पुन्हा खेळायच्या परवानगीचे कागद गोळा करावे लागतात, समजतं मला. पण या कागदावर वरची सही डॉक्टरांची आणि खालची आईबापाची, आणि वरची जागा रिकामी असताना तू खालची आधी भरून मागतेस, कारण तुला वाटतं आईनं सही केली की डॉक्टरही नरम पडतील. वाटतं ना? मलाही वाटलं असतं. तुझ्या जागी मीसुद्धा हेच केलं असतं, आणि सोबत केकही आणला असता.

तो दुसरा मार आठवतो तुला? पहिला नाही — पहिला सगळ्यांनीच पाहिला, डिसेंबरात, कोपऱ्यात, रिंकच्या कडेच्या फळीवर हेल्मेट आपटल्याचा आवाज वरच्या बाकापर्यंत आला होता. मी दुसऱ्याबद्दल बोलतेय, त्याच्या पुढच्या शनिवारचा. साधा धक्का होता. उठली, स्केट करत निघाली, आणि जाऊन बसली दुसऱ्या टीमच्या बाकावर. हिरव्या जर्सींच्या मधोमध आमची लाल मॅरिट, आणि बाटलीतून पाणी पितेय. सगळे हसले. तू हसलीस. मी पण हसले, डार्ला — खांद्यावरची शाल सावरत, शेजारणीला कोपर मारून हसले, की बघा आमचं ध्यान. मग त्या हिरव्या टीमच्या कोचनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात वर केला. माझ्या आधी एका परक्या माणसाला कळलं.

ती त्या शनिवारी बर्फावर होतीच का? कारण परीक्षा पास झाली होती. पहिल्या मारानंतर पाच दिवसांनी शाळेच्या कॉम्प्युटरवर बसवलं, शब्द लक्षात ठेव, रंग बदलला की बटण दाब, वीस मिनिटं. निकाल ऑक्टोबरच्या निकालाशी लावून पाहिला, सीझनच्या आधी सगळ्यांची घेतात ना, ती डोकं ठीक असतानाची — आणि तंतोतंत जुळला. जुळला म्हणजे ठीक. जा, खेळ. या परीक्षेचं मी पुढे सांगते. सांगते, थांब ना.

त्यानंतर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवायला सांगितलं. किती दिवस? बरं वाटेपर्यंत. हे उत्तर आहे? तीन आठवडे ती पांघरुणाखाली आणि मी दाराबाहेर जमिनीवर, हातात शाळेचे पेपर, तपासतेय आणि तेच गणित तिसऱ्यांदा चूक देतेय. मग म्हणाले, आता सगळं सुरू करा. सुरू काय करा? पुस्तक उघडलं की ओळी एकमेकींवर चढायच्या. दुकानात नेलं तर नाश्त्याच्या सीरियलच्या दोन रॅकच्या मध्ये उभी राहून चक्क जमिनीवर बसली, म्हणाली, आई, डबे पळताहेत. डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो तर नजर उत्तम. सगळ्यात खालची ओळ वाचते. उत्तमच असणार, एका डोळ्यानं वाचत होती ना, दुसरा रुसून बाजूला बसला होता, पण ते बघायची त्यांची पद्धतच नाही.

मग सुरू झाली आमची यात्रा. मंगळवारी डॉक्टर योस्ट, व्हिजन थेरपी, दक्षिणेला पन्नास मैल. गुरुवारी डॉक्टर हॅनरहान, कायरोप्रॅक्टिक न्यूरॉलॉजी, म्हणजे मणक्यावरून मेंदू बघणारा, उत्तरेला चाळीस मैल. एक डोळ्यांना एकत्र काम करायला शिकवणार, दुसरा मान आणि तोल बघणार. ह्याला काय म्हणायचं तेही मला नीट सांगता यायचं नाही. माझे सासरे विचारायचे, हाडं मोडणाऱ्याकडे गेली होतीस का गं आज? मी स्वतः पहिल्या दिवशी फोन हातात धरून बसले होते, मानेला नुसता हिसका दिला असता तर पोलिसांनाच बोलावणार होते. त्यानं हातसुद्धा लावला नाही. डोक्याला पट्टा बांधला, त्यावर छोटा लेझर, भिंतीवर गोल. म्हणाला, डोळे मीट, मान वळव, परत सरळ आण, आता उघड. लाल ठिपका गोलाच्या बाहेर दीड वीत. तिला वाटत होतं ती सरळ बघतेय. — नाही, मी आंधळा विश्वास नाही ठेवत. मी गणित शिकवते, मला माहीत आहे एकतीस मुलांवर केलेल्या अभ्यासानं काय सिद्ध होतं आणि काय होत नाही. दोन्हींबद्दल सापडलं ते सगळं वाचलं, निम्म्या ठिकाणी लिहिलंय, पुरावा अपुरा. बाकीच्या निम्म्या ठिकाणी मागे हसऱ्या मुलांचे फोटो. पण अपुऱ्या पुराव्याचं काहीतरी आणि पुऱ्या अनुभवाची अंधारी खोली, यातलं तू काय निवडलं असतंस?

आणि राग कशाचा येतो सांगू? सात आठवडे हे दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. योस्टबाई म्हणायच्या, मान हलवू नकोस, फक्त डोळे. हॅनरहान म्हणायचा, डोळे स्थिर, फक्त मान. पोर माझीच ना, तिला एकच मान आणि तेच डोळे. मी मध्ये निरोप्यासारखी, याची वही त्याला दाखव, त्याचा कागद हिला. शेवटी मीच भडकले, माझा तो वर्गातला आवाज लागला, आणि म्हटलं, तुम्ही दोघं एका खोलीत बसा, नाहीतर मी तिला घेऊन जाते. तेव्हा कुठे हा बुधवार ठरला. योस्टबाई इथे हॅनरहानकडे येतात, एकाच दुपारी दोघं, आधी दोरी मग पट्टा, आणि कागद शेजारी-शेजारी ठेवतात.

आणि कागद शेजारी ठेवले तिथेच घोटाळा झाला.

योस्टबाईंची एक दोरी आहे, तिच्यावर तीन मणी. एक टोक नाकाशी, दुसरं दाराच्या मुठीला. जवळच्या मण्याकडे बघ, मणी किती दिसतात? डोळे जुळले नाहीत तर दोन दिसतात. मॅरिट म्हणते एक. तीन आठवडे म्हणतेय, एक. डोकं किती दुखतंय, शून्य ते दहा? शून्य. चक्कर? शून्य. कागदावर बघशील तर पोर डलुथला जायला तयार. मग हॅनरहाननं तिला तो चष्मा घातला, काळा, आत कॅमेरे, डोळा कुठे जातो ते पडद्यावर रेघेनं दिसतं. आणि पडद्यावर डावा डोळा चालला बाहेर. शाळा सुटल्यावर पळणाऱ्या पोरासारखा, सरळ बाहेर. तोंड म्हणतंय एक, डोळे म्हणताहेत दोन. योस्टबाई एकट्या असत्या तर तिच्या तोंडावर विश्वास ठेवून मोकळ्या झाल्या असत्या. नुसता हॅनरहान असता तर त्याला ती काय सांगते हे कळलंच नसतं. दोघं एका टेबलाशी बसले म्हणून सापडलं.

मागच्या बुधवारी मला आत बोलावलं. हॅनरहान बोलायला फार हळू आहे. म्हणाला, ती खोटारडी नाहीये, ती चांगली शिकलेली आहे. तिला कुणी कधी सांगितलंय का, की अशा तपासणीत खरं उत्तर द्यायचं नसतं?

मी म्हटलं, नाही. एका क्षणाचाही उशीर न लावता. दर सप्टेंबरात मी वर्गाला कॉपीवर व्याख्यान देते, डार्ला, प्रामाणिकपणावर, फळ्यावर लिहून — आणि त्याच आवाजात म्हटलं, आमच्या घरात असलं काही नाही.

बघू नकोस अशी. तुला माहीतच आहे मी काय सांगणारेय. आपण सगळ्याच खेळलोय लहानपणी, कॉलेजात आम्ही तर हसत-हसत करायचो — ऑक्टोबरची परीक्षा वाईट द्यायची, पेंगल्यासारखी, म्हणजे पुढे डोकं आपटलं तरी निकाल त्याच्या खाली जात नाही आणि तुला कोणी बाहेर बसवत नाही. मी तिला गाडीत सांगितलं. रेडिओ बंद करून सांगितलं, म्हणजे नीट ऐकेल. घाई करू नकोस बाळा, रंग बदलला की एक-दोन मोजून मग बटण दाब. का सांगितलं? कारण आदल्या वर्षी घोटा मुरगळून ती तीन आठवडे काचेच्या बाहेर उभी होती आणि घरी येऊन माझ्या मांडीत रडत होती. तेवढंच कारण. मला ते रडणं पुन्हा बघायचं नव्हतं. म्हणून डिसेंबरात तिचं डोकं फुटल्यासारखं झालेलं असताना निकाल तंतोतंत जुळला. मी कोचला शिव्या देते, आमच्या डॉक्टरांना देते, रिंकच्या फळ्यांना देते, आणि त्या सगळ्यांनी माझ्याच पोरीच्या आकड्यावर विश्वास ठेवला होता — तो आकडा मी शिकवलेला.

हो. मीच. आणि अजून संपलं नाही. हे मी तुला आज सांगणार नव्हते. आधी हॅनरहानला सांगणार होते, मग फोन करणार होते, पत्रच लिहिणार होते खरं तर, त्याचा मसुदाही केलाय, तीनदा, तिन्ही वेळा त्यात मी फार छान बाई वाटतेय. पण तू डबा घेऊन समोर येऊन बसलीस.

त्या दिवशी मुलींना सरावाला न्यायला गाडी माझी होती. तुझी पाळी शुक्रवारी असते, तो गुरुवार होता. तुझी ब्रिन मागच्या सीटवर होती, डार्ला. मॅरिटच्या शेजारी. मी आरशातून बघितलं तर ती मान डोलावत होती, आणि मला वाटलं, चला, हीपण शहाणी आहे. जानेवारीत तुझ्या ब्रिनच्या डोक्याला ती काठी लागली, सोमवारी परीक्षा दिली, निकाल जुळला, मंगळवारी तू मला फोनवर सांगितलंस, देवाची कृपा. मी म्हटलं, हो ना. पाच आठवडे मी "हो ना" म्हणून बसलेय.

ओरड. ओरडलीस तरी चालेल, काउंटरवरच्या बाईची मी माफी मागेन. नाही? मग ऊठ, आता सव्वातीन वाजलेत, चारला सराव आहे, तिला बर्फावर उतरू देऊ नकोस आणि रॉलिनला माझं नाव सांग. कागद राहू दे. जर्सी घेऊन जा, ती मॅरिटच्या नजरेला पडायला नको, आणि डबा पण — नाही, डबा ठेव, मला — थांब, दार उघडलं.

ये, मॅरिट. बूट नंतर घाल, इथे बस, गॉगल काढू नकोस. ह्या ब्रिनच्या आई, मिसेस क्विस्ट, निघाल्याच आहेत. डॉक्टर योस्ट, तुम्ही आजचा आकडा लिहायचाय ना, लिहा, पण लिहायच्या आधी मला तुमच्याशी आणि डॉक्टर हॅनरहानशी बोलायचंय, मागच्या बुधवारी मी जे "नाही" म्हटलं त्याबद्दल. तिच्यासमोरच बोलेन. मॅरिट, इकडे बघ. डोकं आज किती दुखतंय, शून्य ते दहा. मी गाडीत तुला जे शिकवलं ते चुकीचं होतं, ते माझं चुकलं, तुझं नाही. खरा आकडा सांग, बाळा.

मॅरिटनं आधी जर्सीकडे पाहिलं, मग डार्लाकडे.

"मिसेस क्विस्ट इथे असताना सांगू," ती म्हणाली, "की त्या गेल्यावर?"