सही दारात की आत?

जहरा गावातल्या सहीचं मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही वाटतं! इथल्या, आखाती देशातल्या आमच्या लॅबचा पाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प युरोपातल्या तीन संस्थांबरोबर निधीसाठी जायचा होता. अर्ज तपासून देणाऱ्या तिकडच्या सल्लागारबाईंचा फोन आला, "महिलांना समान संधी देण्याच्या तुमच्या हमीपत्रावर डायरेक्टरांची सहीच नाहीये. आज संध्याकाळी अर्ज बंद होतोय."

त्यांचा कामाचा दिवस, आमची शुक्रवारची सुट्टी! डायरेक्टर जहराला, भावाच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत. नवऱ्याला म्हटलं, "गाडी काढ."

दारात उभा असलेला डायरेक्टरांचा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, साहब को अंदर भेज दो. आप गाडी में बैठो."

नवरा बँकेतला. डायरेक्टरांनी एक प्रश्न विचारला असता तर हा काय सांगणार होता? मी दारातून हललेच नाही. शेवटी डायरेक्टर स्वतः बाहेर आले. मी हमीपत्राची पहिलीच ओळ वाचून दाखवली, "जिथे निर्णय होतात, तिथे स्त्रियांना प्रवेश असेल." आणि विचारलं, "सर, सही इथे दारातच करणार?"

ते हसले आणि दार उघडून धरलं.

सही आत झाली, चहासकट. गाडीत नवरा बसला.